दोर सगळ्यात शेवटी

आमच्या रेस्क्यू टीममध्ये नवी मुलं येतात ती बहुतेक दोराच्या ओढीने. कड्यावर लोंबकळणारा माणूस, हेल्मेट, कॅराबिनरांचा खणखणाट, व्हिडिओत हेच दिसतं. लोणावळा-खोपोलीच्या पट्ट्यात बरीच वर्षं हे काम केल्यावर माझ्या पदरी पडलेलं शहाणपण जरा वेगळं आहे. शोध आणि बचावाचं बहुतेक काम दोर पिशवीबाहेर निघण्याआधीच होतं. विचारायचं, थांबायचं, चालायचं, वाहून आणायचं. दोर लागलाच तर सगळ्यात शेवटी. नव्या मुलांना जे सांगत असतो, तेच इथे लिहितोय. क्रमाला फारसा अर्थ नाही, आठवलं तसं.

१. पहिली पाच मिनिटं फोनवरची

फोन बहुधा संध्याकाळी येतो, उजेड कमी झाल्यावर. दुपारभर माणसं स्वतःच वाट शोधत असतात, आणि अंधार पडायला लागला की घाबरतात.

"दादा, आम्ही ढाकच्या रानात अडकलोय."
"किती जण?"
"सहा."
"सहाच्या सहा आत्ता एकत्र आहात? डोकी मोजून सांग."
मध्ये शांतता. मग, "हो, सहा."
"कोणाला लागलंय?"
"एकीचा पाय मुरगळलाय."
"तुझ्या फोनची बॅटरी?"
"अकरा टक्के."

इथून पुढे एक शब्दही वाया घालवायचा नाही. बाकी पाच फोन बंद करायला सांगायचे, म्हणजे रात्रीसाठी शिल्लक राहतात. नकाशाचं ॲप उघडून त्यावरचे आकडे मेसेजने पाठवायला सांगायचं. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, आणि बोलणं तुटतं तिथूनही साधा मेसेज कधीकधी निघून जातो. मग विचारायचं: कुठून निघालात, किती वाजता, ओळखीचं शेवटचं ठिकाण कोणतं, तिथून चढलात की उतरलात, पाण्याचा आवाज येतोय का, कुठल्या हाताला. एवढ्यावर शोधाचा डोंगरभर पसारा एखाद्या सोंडेवर आणि दोन ओढ्यांवर येतो.

टीमच्या बाजूने बोलणारा एकच हवा. दुसऱ्याने वही घेऊन वेळेसकट सगळं उतरून काढायचं, तिसऱ्याने पोलिसांना कळवायचं. आपापल्या ओळखीतून चार जणांनी त्या मुलाला चार फोन केले की बॅटरी जाते आणि त्याला चार निरनिराळे सल्ले मिळतात. आता महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरमार्फत जवळच्या टीमला निरोप जातो, त्यामुळे हा गोंधळ बराच कमी झालाय.

सगळ्यात कठीण सूचना असते, "आहात तिथेच बसून राहा." माणसाला ती पटत नाही. दहा मिनिटांनी परत फोन येतो की थोडं पुढे आलो, इथे वाट दिसतेय. म्हणून नुसतं बसा म्हणायचं नाही, काम द्यायचं. दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवा, सगळ्यांच्या पाण्याचा हिशेब करा, कोरडे कपडे कोणाकडे आहेत ते बघा. हाताला काम लागलं की पाय थांबतात.

२. हरवलेला माणूस खाली जातो

सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस वर फार क्वचित चढतो. थकलेला असतो, खाली गावातले दिवे दिसत असतात, आणि ओढा धरून उतरलं की गाव लागतं हे कुठेतरी ऐकलेलं असतं. सपाट मुलखात ते खरंही असेल. आपला डोंगर बसाल्टच्या थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या उभ्या तुटल्यात. ओढा या प्रत्येक पायरीवरून उडी घेतो. पहिली उडी सातआठ फुटांची असते, माणूस बसून घसरून ती उतरतो. दुसरी जरा मोठी, तीही कशीबशी होते. तिसरीला खाली दीडशे फूट हवा, आणि मागची कातळाची भिंत ओली, शेवाळलेली, चढून जाणं अशक्य. आमचे निम्मे लोक अशाच दोन उड्यांच्या मध्ये सापडतात.

म्हणून शोधताना आधी नाळा आणि ओढे, मग सोंडा, पठार शेवटी. नकाशावरची ठळक पायवाट तर अगदीच शेवटी, कारण त्या वाटेवर असता तर हरवला नसता. परदेशात हरवलेल्या माणसांच्या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास झालाय. वयाप्रमाणे, हेतूप्रमाणे कोण किती लांब आणि कुठल्या दिशेला जातो याची कोष्टकं आहेत. वाचावीत, उपयोग होतो. पण त्यात आपली करवंदीची जाळी नाही, आणि सात-आठ वर्षांनी फुललेल्या कारवीत दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, हेही नाही. ती भर आपणच घालायची.

एक छोटी गोष्ट याच ओघात. डोंगरातला मदतीचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा सहा वेळा उजेड, मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन. शिट्टी वीस रुपयांची असते. ट्रेकला दीड हजारांचे बूट घालून येणाऱ्यांच्या गळ्यात ती नसते, हे मला कधीच उमगलेलं नाही.

३. टीमच्या आधी गावातला माणूस

टीम कितीही तयारीची असो, त्या विशिष्ट रानात ती पाहुणीच. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर ही माणसं तिथे गुरं चारतात, मध काढतात, लाकूडफाटा आणतात. आमचा ड्रोन जे तासाभरात दाखवतो ते ती ओट्यावर बसून सांगतात.

"मामा, या व्हळाला पुढं उडी आहे का?"
"दोन हायेत. पैलीला डाव्या अंगानं उतरता येतं. दुसरीला वाटच न्हाई."
"मग खाली कसं जायचं?"
"खालून या. वाडीकडनं."

या चार वाक्यांनी टीमचे तीन तास वाचले. प्रशिक्षणात म्हणूनच आम्ही मुलांना आसपासच्या वाड्यांवर पाठवतो. माणसांची नावं, कोणाकडे फोन आहे, कोणता फोन कुठल्या उंबराखाली उभं राहिल्यावर लागतो, हे वहीत लिहून आणायचं. नाटकी सलोख्यासाठी नाही, रात्री दोन वाजता दार वाजवायचा हक्क लागतो म्हणून.

आणि पैसे. टीम विनामोबदला काम करते, तो आमचा निर्णय. गावातल्या माणसाची रात्र गेली की दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. सत्कारात त्याचं नाव घेण्यापेक्षा ती मजुरी त्याच्या हातावर ठेवा. सुटका झालेल्यांचे घरचे बहुधा आनंदाने देतात. विचारायचा संकोच मात्र आपल्यालाच वाटतो.

४. स्ट्रेचर

सगळ्यात जास्त सराव याचा, आणि सगळ्यात कमी उत्साह याला. पाय मोडलेला सत्तर किलोचा माणूस, स्ट्रेचरचं वजन, वर बांधाबांध. सहा जणांनी उचललं तरी मुरमाड उतारावर दहा-पंधरा मिनिटांत हात भरून येतात. तेव्हा एका स्ट्रेचरमागे उचलणाऱ्यांच्या तीन पाळ्या हव्यात, पुढे वाट साफ करणारे दोघे, बॅटऱ्या आणि पाणी वाहणारे वेगळे. म्हणजे पंचवीसेक माणसं. कड्यावर दोर लावायला चार जण पुरतात. आता सांगा, टीम कशासाठी तयार करायची?

शिवाय आपल्या वाटा एका माणसाच्या रुंदीच्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन जण चालूच शकत नाहीत. अशा ठिकाणी स्ट्रेचर घेऊन चालायचंच नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना माणसं घट्ट बसवायची आणि स्ट्रेचर हातोहात पुढे सरकवायचा. मागचे मोकळे झाले की त्यांनी वरून जाऊन पुढे बसायचं. घसाऱ्यावर हीच पद्धत सुरक्षित, कारण उचलणारा बसलेला असतो, घसरत नाही. धनगरवाड्यांवर आजही आजारी माणसाला बांबू आणि घोंगडीच्या झोळीतून खाली आणतात. दोघांच्या खांद्यावर लांब बांबू, अरुंद वाटेला ती झोळी आमच्या महागड्या स्ट्रेचरपेक्षा कितीदा तरी सोयीची. फक्त मणक्याला मार असल्याची शंका असेल तर झोळी नाही. तिथे कडक पाठीचा स्ट्रेचरच, मग कितीही वेळ लागो.

हुकूम मोजकेच: "तयार?", "उचल", "थांब", "बदली". ओरडणारा एकच, डोक्याच्या बाजूचा, कारण रुग्णाचा चेहरा त्याला दिसतो. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे.

आणि प्रत्येक नव्या मुलाला आम्ही एकदा रुग्ण करतो. पावसात, स्ट्रेचरवर छातीपासून घोट्यापर्यंत बांधून, हेल्मेट घालून, अर्धा तास डोंगरातून नेतो. वर फक्त ढग आणि चार अनोळखी हनुवट्या दिसतात. पाऊस थेट डोळ्यांत. नाक खाजवायला हात मोकळा नाही. हेल्मेटमुळे बोलणं अर्धवट ऐकू येतं, आणि स्ट्रेचर कलंडला की आपण दरीच्या बाजूला आहोत की डोंगराच्या हे कळत नाही. एक मुलगा, एरवी कड्यावर बेधडक उतरणारा, वीस मिनिटांत "सोडा मला" म्हणून ओरडायला लागला. त्यानंतर तो रुग्णाशी बोलल्याशिवाय गाठ मारत नाही. "काका, आता डावा पट्टा आवळतोय, जरा दाबल्यासारखं होईल." कपाळावर हाताची ओंजळ धरून पाऊस अडवतो. हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही.

५. दोर

शंभर मीटरचा, ११ मिमी जाडीचा स्टॅटिक दोर कोरडा असताना साडेसात-आठ किलोचा. भिजला की बराच जड होतो आणि थोडा कमकुवतही. वापरल्यावर साध्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग वीत-वीत करून बोटांतून काढायचा. कुठे मऊ, चपटा किंवा फुगीर लागला तर तिथे आतला गाभा बिघडलाय, वरून कितीही नवा दिसो. तो दोर माणसासाठी बाद. तारीख आणि वापर वहीत. देणगीत मिळालेला, इतिहास माहीत नसलेला दोर सामान बांधायला ठेवावा.

सत्काराला टीम पूर्ण हजर असते, दोर धुवायला चौघं येतात. त्या चौघांनाच मी कड्याच्या कामाला पुढे पाठवतो.

दोर लागतो तेव्हा लागतोच, हेही खरं. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तीस जण गेले. त्या दरीतून त्यांना वर आणायला स्थानिक ट्रेकर मंडळी दोर लावून उतरली होती. अशा कामाच्या दिवशी गाठ आठवायला वेळ नसतो. ती डोळे मिटून, गारठलेल्या बोटांनी, हातमोज्यांसकट पडायला हवी. आमच्याकडे गाठींची परीक्षा म्हणून रात्री, बॅटरी बंद ठेवून होते.

६. पाऊस म्हणजे थंडी आणि पाणी

सह्याद्रीत थंडीने काय होणार, असं मुलांना वाटतं. जुलैत भिजलेला, दमलेला, उपाशी माणूस खिंडीतल्या वाऱ्यात दोन तास बसला की अंगातली ऊब जाते, त्याला बर्फ लागत नाही. थरथरतोय तोवर ठीक. थरथर थांबली, बोलणं जड झालं, "मला काही नको, झोपू द्या" असं म्हणायला लागला की धावपळ सुरू करायची. ओले कपडे काढून कोरडे चढवायचे, खालून चटई, वरून प्लास्टिक, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम. चोळायचं नाही, दारू तर मुळीच नाही. प्रत्येकाच्या पाठपिशवीत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी हवी, तिच्यात माणूस गळ्यापर्यंत मावतो. स्वस्त, हलकी, आणि माझ्या मते सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी.

पाण्याची गोष्ट वेगळी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. लोंढा येण्याआधी तिथे गुडघ्याएवढं पाणी असतं, लोक फोटो काढत असतात. वर घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला की खाली काही मिनिटांत ओढ्याचं रूप पालटतं. टीमसाठी नियम एकच: काठावरून हात, काठी, दोराची पिशवी. पोहायला येतं म्हणून कोणी उडी मारायची नाही. नदीत पोहणं आणि वाहत्या पाण्यात बचाव करणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

७. आग्या मोहोळ आणि साप

कड्यांवर मधमाश्यांची मोठाली पोळी असतात. अत्तर, धूर, मोठा आवाज, फेकलेला दगड, यांपैकी काहीही पुरतं. माश्या उठल्या की दोरावरचा माणूस पळू शकत नाही. म्हणून कड्यावर काम सुरू करण्याआधी दुर्बीण लावून आख्खा कडा नजरेखालून घालायचा. पोळं दिसलं तर जागा बदला. जागा बदलता येत नसेल तर अंधार पडून माश्या बसेपर्यंत थांबा, किंवा अंगभर जाळीचे कपडे घालून कमीत कमी माणसं पुढे पाठवा.

साप चावलेल्याला दातांनी चोखणं, चिरणं, आवळून बांधणं, यातलं काही नाही. अवयव हलू न देता, पेशंटला चालू न देता, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. हे पाठ करून टाका, वाद घालू नका.

८. दरड कोसळते तेव्हा

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी गाडली गेली. वाडीला रस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलातून तास-दीड तासाची चढण, अवजड यंत्रं वर जाऊच शकत नव्हती. फावडी, घमेली आणि माणसं. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह हाती आले होते आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. पहिल्याच रात्री वर चढताना अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

शेवटचं वाक्य मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. मदतीला निघालेला माणूस डोंगर चढूनच दमला तर वर जाऊन तो काय करणार? आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पाठीवर वजन घेऊन ठरलेली चढण ठरलेल्या वेळात करावी लागते. वेळेत न आलेला माणूस त्या तिमाहीत खाली थांबतो, वायरलेस सांभाळतो, याद्या करतो. रुसवे होतात. होऊ देत.

दरडीच्या जागी दुसरी अडचण गर्दीची. चांगल्या मनाने आलेले, कोणत्याच यादीत नसलेले शेकडो लोक. संध्याकाळी परत फिरताना कोण कमी आहे ते सांगता येत नाही. म्हणून वर जाणाऱ्याचं नाव पायथ्याला लिहायचं, उतरल्यावर खोडायचं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलं की सूत्रं त्यांच्याकडे. आपण वाटाड्ये आणि हमाल व्हायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. माळीण, तळिये, इरशाळवाडी, या सगळ्या दरडी जुलैत कोसळल्यात. जूनमध्येच आपल्या भागातल्या उतारांवर फिरून यावं. नव्या भेगा, कललेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला की तहसीलदारांना लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

९. जिवंत नसलेल्यांसाठीही जायचं

नव्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि पहिल्यांदा वेळ येते तेव्हा ती कोलमडतात. आमची बरीचशी कामं देह आणण्याची असतात. घाई नसते, तेव्हा धोका पत्करायचंही कारण नसतं. उजाडेपर्यंत थांबायचं. पोलीस येईपर्यंत काही हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा. फोटो नाहीत. घरच्यांपुढे आपापसात गमतीचं बोलायचं नाही, मग दरीत रात्रभर गमतीवरच तग धरला असेल तरी. नावाने उल्लेख करायचा, "बॉडी" म्हणायचं नाही.

परतल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, तोवर कोणी घरी जायचं नाही. त्या जेवणात कोण गप्प आहे ते मी बघतो. दोन दिवसांनी त्याला फोन करतो, बहुधा दोराच्या धुण्याचं निमित्त काढून.

१०. नाही म्हणायचं

खाली आई रडत असते, पुढारी फोन करत असतो, कॅमेरे आलेले असतात, आणि धुक्यात हाताचा पंजा दिसत नाही. अशा वेळी "आत्ता नाही, पहाटे" हे सांगणारा माणूस टीममध्ये आधीच ठरलेला हवा. ऐनवेळी मतदान घेतलं की सगळ्यात धाडसी पोरगं जिंकतं. आमच्याकडे प्रमुखाने नाही म्हटलं की त्यावर चर्चा दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी. पण अडकलेल्याला रात्रभर एकटं सोडत नाही. आवाजाच्या टप्प्यात दोघं जाऊन बसतात, दर पंधरा मिनिटांनी हाक मारतात. अडकलेल्याला दोर मिळत नाही, सोबत मिळते.

११. भरती

मुलाखतीला आलेला मुलगा क्लाइंबिंगची प्रमाणपत्रं काढून दाखवतो. ती बघतो. मग विचारतो: रात्री फोन उचलशील? साहेब सोडतील का, विचारलंस? घरी सांगितलंस? घरच्यांना आधी भेटून येणं हा मी नियमच केलाय, कारण रात्रभर जागणारी तीच असतात. गेल्या काही वर्षांत सगळ्यात उपयोगी ठरलेली माणसं कोण म्हणाल तर रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका, टेम्पो चालवणारा एक जण आणि शाळेतले एक गणिताचे सर, ज्यांची वही कधी चुकत नाही. तिघांपैकी कड्यावर एकच उतरतो, तोही कुरकुरत.

पुढचं प्रशिक्षण रविवारी सकाळी सहा वाजता, पायथ्याच्या देवळापाशी. स्ट्रेचरचा सराव आहे. डबा आपापला आणायचा, आणि रुग्ण कोण व्हायचं याची चिठ्ठी तिथेच काढू.